रजिस्टरात नाव आहे, मस्टरवर नाही : सरकारी रोजगार योजनांची ऐंशी वर्षे

दर १४ एप्रिलला आपल्या व्यासपीठांवरून एक वाक्य हमखास ऐकू येते : देशात एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज बाबासाहेबांनी आणले. टाळ्या पडतात, वक्ता पुढच्या मुद्द्यावर जातो. मंडपात खुर्च्या लावणारी, वर्गणीच्या पावत्या फाडणारी बी.ए., बी.कॉम., आयटीआय झालेली पोरे दुसऱ्या दिवशी पुन्हा अभ्यासिकेत नाहीतर कट्ट्यावर येऊन बसतात. आम्ही या शहराच्या वस्त्यांमध्ये गेली काही वर्षे याच पोरांबरोबर काम करतो. त्यांचे अर्ज भरतो, दाखले काढून देतो, रोजगार मेळाव्यांना सोबत जातो. म्हणून त्या वाक्याचे काय खरे आणि काय अर्धे, हे एकदा नीट मांडावेसे वाटले.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्या काळातल्या भाषेत मजूरमंत्री. महायुद्ध संपत आले तसा लाखो सैनिक आणि युद्धकारखान्यांतले कामगार मोकळे होणार, त्यांचे काय करायचे, हा प्रश्न सरकारपुढे आला. त्यासाठी १९४५ मध्ये मजूर खात्याखाली पुनर्वसन आणि रोजगाराचे संचालनालय उभे राहिले आणि त्याच्या हाताखाली एक्स्चेंजची साखळी तयार झाली. सुरुवातीला ही सोय सैन्यातून सुटलेल्यांसाठी होती. १९४८ मध्ये ती सर्वांना खुली झाली. कल्पना मात्र एकट्या भारताची नव्हती. ब्रिटनने १९०९ मध्येच असा कायदा केला होता. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९१९ च्या करारात सरकारांनी मोफत रोजगार कचेऱ्या चालवाव्यात असे म्हटले होते. ब्रिटिश हिंदुस्थान सरकारने त्या करारावर सही केली आणि पुढे अंगही काढून घेतले.

म्हणजे वाक्य खोटे नाही, अर्धे आहे. आम्हाला उरलेला अर्धा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. एक्स्चेंज आले १९४५ ला. त्याच्या दोन वर्षे आधी, ऑगस्ट १९४३ मध्ये, केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश निघाला. त्यामागे बाबासाहेबांनी १९४२ मध्ये सरकारला दिलेले तक्रारींचे निवेदन होते. बारा जागांपैकी एक. १९४६ मध्ये ते प्रमाण साडेबारा टक्के झाले. नोंदणी आणि वाटा या दोन्ही गोष्टी त्यांच्याच कारकिर्दीतल्या. नुसत्या रजिस्टराने पोट भरत नाही हे त्यांना माहीत होते. रजिस्टर ठेवणाऱ्यावर आणि नोकरी देणाऱ्यावर काहीतरी बंधन हवे. गेल्या ऐंशी वर्षांत सरकारे बदलली, कचेऱ्यांची नावे बदलली, पण खेळ एकच चालला. रजिस्टर ठेवायचे आणि बंधन हळूहळू सैल करायचे.

१९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात बाबासाहेबांनी बेकाराच्या परिस्थितीवर बोट ठेवले आहे. बेकार माणसापुढे कसलीही नोकरी ठेवा. पगार किती ते ठरलेले नाही, कामाचे तास नक्की नाहीत, संघटनेत जायचे नाही, बोलायचे नाही, धर्मस्वातंत्र्यही वापरायचे नाही. तो काय निवडेल? त्यांचा मुद्दा असा, की पोटाच्या भीतीपुढे मूलभूत हक्क टिकत नाहीत. त्यात धर्माचाही उल्लेख आहे, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. तो मुद्दा पुढे आपल्याच घरात येणार आहे.

एक्स्चेंज सुरू झाले तेव्हा आपला औरंगाबाद ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हता. आपल्यावर निजामाचे राज्य होते. १९४८ च्या सप्टेंबरात ते संपले आणि १९५० मध्ये बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे मिलिंद महाविद्यालय इथे सुरू केले. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी १ सप्टेंबर १९५१ ला कोनशिला बसवली. गावकुसाबाहेरची, वेठबिगारीतून आलेल्या आईबापांची पोरे नागसेनवनाच्या वसतिगृहात राहून पदवीधर होऊ लागली. पदवी घेतली, आता पुढे काय? पुढे एक्स्चेंज.

या ठिकाणी तीन तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा हैदराबाद राज्यातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. आणि त्याच १ नोव्हेंबरपासून एक्स्चेंजचा रोजचा कारभार केंद्राकडून राज्यांकडे गेला. अठरा दिवसांत आपला धर्म बदलला, राज्य बदलले आणि नोकरीची खिडकीही बदलली. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले.

खिडकीवरचा कारभार कसा होता ते आजच्या पोरांना सांगावे लागते, कारण त्यांनी फक्त संकेतस्थळ पाहिले आहे. शिक्षणाचे दाखले घेऊन रांगेत उभे राहायचे. नाव, पत्ता, जात, धर्म, शिक्षण, टायपिंग येते का, ही माहिती कारकून लिहून घ्यायचा. मग जाड कागदाचे एक कार्ड हातात पडायचे, त्यावर नोंदणी क्रमांक आणि तारीख. तारखेवर ज्येष्ठता ठरायची, म्हणून दहावीचा निकाल लागला की पहिले काम नोंदणीचे. ठरलेल्या मुदतीत नूतनीकरण केले नाही तर नाव कमी व्हायचे आणि ज्येष्ठता मातीत जायची. नूतनीकरणाच्या तारखेला गावाकडून एस.टी.चे भाडे उसने घेऊन आलेली माणसे आमच्या वडिलांच्या पिढीत घरोघरी आहेत. मग वाट पाहायची ‘कॉल’ची. पोस्टमन गल्लीत शिरला की सगळी चाळ दारात यायची, असे आमची आई अजूनही सांगते.

कॉल द्यायचा कोणी? १९५९ मध्ये रिक्त जागा कळवण्याच्या सक्तीचा कायदा झाला आणि १ मे १९६० पासून लागू झाला. सरकारी आस्थापना सगळ्या, आणि २५ किंवा जास्त कामगार असलेल्या खासगी आस्थापना, यांनी रिक्त जागा एक्स्चेंजला कळवायच्या. ऐकायला फार चांगले. कायदा उघडून वाचला की हसू येते आणि रागही येतो. पहिली गोष्ट, सक्ती फक्त कळवण्याची. एक्स्चेंजने पाठवलेला माणूस घ्यायची कसलीही सक्ती नाही, हे कायद्यातच लिहिले आहे. दुसरी गोष्ट, कळवले नाही तर पहिल्या गुन्ह्याला दंड ५०० रुपयांपर्यंत, पुन्हा केले तर १,००० रुपयांपर्यंत. तिसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. काही प्रकारच्या जागा या कायद्यातून वगळल्या होत्या. शेतीकाम वगळले, घरकाम वगळले आणि ‘अकुशल कार्यालयीन काम’ वगळले. या शेवटच्या शब्दांची व्याख्या कायद्यात दिली आहे : दफ्तरी, शिपाई, फरास, गठ्ठे उचलणारा, समन्स बजावणारा, पहारेकरी, झाडूवाला. शेतात मजुरी करणारे कोण, घरकाम करणाऱ्या बाया कोणाच्या, शिपाई आणि झाडूवाल्याच्या जागेसाठी धडपडणारे घर कोणते, हे १९५९ मध्ये कोणाला ठाऊक नव्हते? ज्या जागा आपल्या लोकांच्या हाताशी होत्या, त्याच कळवायच्या सक्तीतून बाहेर. सरकारी खात्यांच्या स्वतंत्र सूचनांमुळे चतुर्थ श्रेणीच्या जागाही पुष्कळदा एक्स्चेंजमार्फत भरल्या जात, हे खरे. पण सूचना म्हणजे कायदा नव्हे. सूचना साहेबाच्या मर्जीवर चालते.

तरीही आम्ही एक्स्चेंजला नावे ठेवणार नाही. टेलिफोन, पोस्ट, एस.टी., वीज मंडळ, जिल्हा परिषद इथे आपली जी पहिली पिढी लागली, त्यात या कार्डाचा आणि राखीव जागांचा मिळून हात आहे. ओळखपाळख नसलेल्या माणसाला सरकार स्वतः पत्र पाठवते, ही गोष्ट निजामाच्या वेठीतून आलेल्या घरासाठी लहान नव्हती.

आता त्या धर्माच्या रकान्याकडे येऊ. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अट होती की हिंदू धर्म सोडणारा अनुसूचित जातीत गणला जाणार नाही. शिखांना १९५६ मध्ये त्यातून वगळले. बौद्धांना नाही. महाराष्ट्र राज्य झाल्यावर यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने नवबौद्धांना राज्याच्या सवलती चालू ठेवल्या. पण केंद्राचे दार बंदच राहिले. साठच्या दशकात नागपूरच्या राखीव मतदारसंघातून निवडून आलेल्या डी. पी. मेश्रामांची आमदारकी सर्वोच्च न्यायालयात गेली, ती याच कारणाने : दीक्षा घेतली म्हणजे ते हिंदू राहिले नाहीत, म्हणून अनुसूचित जातीचेही राहिले नाहीत.

याचा अर्थ खिडकीवर उभ्या असलेल्या पोराला काय झाला? अर्ज राज्य सरकारच्या जागेसाठी असेल तर ‘नवबौद्ध’ लिहिले तरी चालत होते. रेल्वे, पोस्ट, बँक, आयुर्विमा, लष्करी कारखाना यांपैकी काही असेल तर ‘बौद्ध’ लिहिताक्षणी राखीव जागेवरचा हक्क गेला. मग घराघरात भांडणे झाली. बाप म्हणायचा, नागपूरला जाऊन आलोय, आता पुन्हा हिंदू लिहू? आई म्हणायची, लिहा हो, पोराचे पोट आहे. कोणी जुनी जात लिहिली आणि आयुष्यभर कार्यालयात मान खाली घालून वागले. कोणी बौद्ध लिहिले आणि खुल्या जागेच्या रांगेत मागे राहिले. आजची तरुण पोरे, विशेषतः समाजमाध्यमांवर, पहिल्या प्रकारच्या माणसांना ‘कागदी बौद्ध’ म्हणून हिणवतात. आम्हाला ते बिलकूल पटत नाही. बाबासाहेबांनी १९४७ मध्ये जे लिहिले तेच त्या माणसांच्या वाट्याला आले. पोट आणि धर्म यांतले एक निवडा, असे सरकारने त्यांना खिडकीवर सांगितले. दोष निवडणाऱ्याचा की तशी निवड पुढे ठेवणाऱ्याचा?

१९६४-६५ च्या दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहाच्या मागण्यांत बौद्धांच्या सवलतींची मागणी होती. तरी केंद्राने कायदा केला तो १९९० मध्ये, व्ही. पी. सिंग पंतप्रधान असताना. ३४ वर्षे. दीक्षेच्या वर्षी जन्मलेले पोर तोवर बहुतेक सरकारी नोकऱ्यांची वयोमर्यादा ओलांडून गेले होते.

दरम्यान मराठवाड्याने दुसरा एक प्रयोग पाहिला आणि तो खरोखर वेगळा होता. वि. स. पागे, विधान परिषदेचे सभापती. १९६५ मध्ये त्यांनी सांगली जिल्ह्यातल्या तासगावात मागेल त्याला काम हा प्रयोग करून पाहिला. मग १९७२ चा दुष्काळ आला. खडी फोडणे, पाझर तलाव, रस्ते, नालाबंडिंग. सुकडी मिळायची. आमच्या आजीच्या हातावरचे घट्टे त्या खडीचे होते. ती सांगायची, कामावर सगळ्या जातींची माणसे होती, पण पाण्याचे माठ वेगळे. दुष्काळ सरला, पण मागणी सरली नाही. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. पैसा कुठून? १९७५ च्या कायद्याने नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला. आजही पगाराच्या चिठ्ठीवर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात, तोच हा कर. शहरातल्या पगारदाराने गावातल्या बेकाराच्या कामासाठी पैसे द्यायचे, असा हा करार होता. कितीतरी शिकलेल्यांना तो कशासाठी कापला जातो हे आजही माहीत नसते.

रोजगार हमीत भ्रष्टाचार झाला, खोटी मस्टरे भरली गेली, मजुरी उशिरा मिळाली. सगळे मान्य. पण तिच्यात जे होते ते ना एक्स्चेंजमध्ये होते ना नंतरच्या कुठल्या योजनेत आले : काम दिले नाही तर सरकार दोषी. बेकाराची लायकी काय, त्याच्याकडे कौशल्य आहे का, त्याचे व्यक्तिमत्त्व कसे आहे, हे कोणी विचारत नव्हते. २००५ च्या केंद्राच्या कायद्याने हाच धागा देशभर नेला. मात्र हमी होती ती खेड्यातल्या अंगमेहनतीला. नागसेनवनात शिकून शहरात राहिलेल्या पदवीधराला कायद्याने काहीच हमी दिली नाही. ना तेव्हा, ना आज.

या योजनेवर हजेरी लिहायला हजारो शिकलेली पोरे ‘हजेरी सहायक’ म्हणून तुटपुंज्या मानधनावर ठेवली गेली. वर्षानुवर्षे लढल्यावर नव्वदच्या दशकात त्यांना सरकारी सेवेत टप्प्याटप्प्याने सामावून घ्यायचा निर्णय झाला. हा तपशील ध्यानात ठेवा.

शिकलेल्यांसाठी सरकारने काढलेली वाट वेगळी होती. ती म्हणजे स्वयंरोजगार. १० जुलै १९७८ ला महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ स्थापन झाले. बीजभांडवल, अनुदान, बँकेचे कर्ज. सतराच दिवसांनी, २७ जुलै १९७८ ला, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात मंजूर झाला आणि मराठवाडा पेटला. घरे जळाली, पोचीराम कांबळे यांच्यासारखी माणसे मारली गेली. त्या आगीमागे काय होते यावर पुष्कळ लिहून झाले आहे. आमच्या विषयापुरते एवढेच सांगतो : शिकून नोकरीला लागलेला, पॅन्ट-शर्ट घालून गावात परतणारा आपला तरुण अनेकांच्या डोळ्यांत सलत होता. मराठवाड्यात नोकऱ्याच थोड्या होत्या. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात सगळ्याच तरुणांनी रोजगाराची मागणी केली होती आणि ती न्याय्य होती. नोकऱ्या वाढल्या नाहीत. मग राग सरकारवर निघण्याऐवजी वस्तीवर निघाला. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला, सोळा वर्षांनी.

महामंडळाच्या कर्जाबद्दल थोडक्यात सांगून पुढे जातो. ज्याच्याकडे तारण नाही, जामीनदार नाही, दुकानाला जागा नाही आणि ज्याच्या हातचा चहा गावात सगळे पीत नाहीत, त्याला धंदा कर म्हणून सांगणे सोपे आहे. महामंडळ मंजुरी देते आणि बँक मॅनेजर प्रकरण परत पाठवतो, हे आम्ही स्वतः डझनावारी फायलींत पाहिले आहे. १९९३ ची पंतप्रधान रोजगार योजना, २००८ चा पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, २०१६ ची स्टँड अप इंडिया. नावे निराळी, शेवटची खुर्ची बँकेचीच.

वाळूजला १९८५ मध्ये बजाजचा कारखाना आला आणि शहराचा चेहरामोहरा बदलला. चिकलठाण्याच्या मागे वाळूज, नंतर शेंद्रा. आयटीआयला मान आला. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात १९७३ च्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखल्या गेल्या, त्याचा आपल्या मुलांना उपयोग झाला. पण त्याच कायद्यात लिहिले आहे की शिकाऊ म्हणजे कामगार नव्हे आणि त्याला मजूर कायदे लागू नाहीत. मालकांना हा शब्द फार आवडला. कायम कामगार घेण्याऐवजी शिकाऊ घ्या, एक तुकडी गेली की दुसरी आणा. २०१३ मध्ये केंद्राने ‘नीम’ नावाची योजना काढून हे आणखी सोपे केले. नाव प्रशिक्षणार्थी, काम लाइनवर कायम कामगाराचेच. दहा वर्षेही पुरती झाली नाहीत तोच ती गुंडाळावी लागली. आमच्या ओळखीची मुले एका कंपनीत अशी तीन वर्षे राबली. बाहेर पडताना हातात एक प्रमाणपत्र. भविष्यनिर्वाह निधीचा एक रुपया नाही.

१९९० मध्ये केंद्राच्या नोकरीचे दार बौद्धांना उघडले, आणि १९९१ मध्ये सरकारने घरच विकायला काढले. नव्या धोरणात सरकारी भरती आटत गेली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की फक्त एक्स्चेंजकडून नावे मागवून भागणार नाही, जाहिरातही द्या. तत्त्व म्हणून ते बरोबर होते, सगळ्यांना संधी मिळाली पाहिजे. पण त्या दिवसापासून कार्डाची किंमत उतरत गेली. कचेरीचे नाव ‘मार्गदर्शन केंद्र’ झाले, मग त्याला कौशल्य विकास जोडले गेले, मग महास्वयम पोर्टल आले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत एक्स्चेंज हा शब्दही गेला, ‘करिअर सेंटर’ आले. पाटी बदलत गेली तसा अर्थही बदलला. पूर्वीची कचेरी निदान म्हणायची, कुठे जागा आहे ते बघतो. आताची म्हणते, तू आधी लायक हो.

मग खासगी क्षेत्र लायकी पाहून घेते का? याच नागसेनवनातल्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेले सुखदेव थोरात यांनी पॉल अ‍ॅटवेल यांच्याबरोबर हे तपासले आणि २००७ मध्ये प्रसिद्ध केले. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त आडनावे वेगळी. सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढच्या टप्प्यात बोलावणे येण्याची शक्यता ०.६७ पट आणि मुस्लिम नावाला ०.३३ पट. आपल्या शहरात भीमनगरच्या पोराला आणि किराडपुऱ्याच्या पोराला हा आकडा सांगायची गरज नाही, ती रोज अनुभवतात. कौशल्याचा वर्ग आडनाव बदलून देत नाही.

आता ताजा इतिहास. २०२३ मध्ये तलाठ्याच्या ४,६४४ जागा निघाल्या. दहा लाखांवर अर्ज आले. फी खुल्या वर्गाला १,००० रुपये, मागासवर्गाला ९००. बेकाराकडून नोकरी मागण्याचे पैसे घ्यायचे, तेही एवढे! एक्स्चेंजच्या काळात नोंदणी फुकट होती. त्याच वर्षी ६ सप्टेंबरला राज्य सरकारने बाह्य यंत्रणांमार्फत म्हणजे खासगी एजन्सींमार्फत कंत्राटी पदे भरण्याचा निर्णय काढला. नऊ एजन्सी नेमल्या होत्या. राज्यभर मोर्चे निघाले, इथल्या क्रांती चौकातही घोषणा झाल्या, आणि ऑक्टोबरात निर्णय मागे घ्यावा लागला. कंत्राटी पदाला बिंदुनामावली कुठून लागणार? म्हणून आम्ही त्याला आरक्षणावरचा घाला म्हणत होतो आणि आजही म्हणतो.

२०२४ च्या जुलैत मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. लोकांनी तिला ‘लाडका भाऊ’ म्हटले. बारावी झालेल्याला महिना ६,००० रुपये, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,०००. मुदत सहा महिने. पैसे सरकार देणार, काम सरकारी कार्यालयात किंवा खासगी आस्थापनेत. पुढच्या वर्षी मुदत पाच महिन्यांनी वाढवून एकूण अकरा केली. अकरा महिनेच का, हे कंत्राटी नोकरीशी संबंध आलेल्या कोणालाही विचारा.

आमच्या वस्तीतल्या पोरापोरींनी अर्ज केले, आम्हीच भरून दिले. दहा हजार रुपये घरात येणे लहान गोष्ट नाही, आणि ज्याचे पोट भरलेले आहे त्याने या योजनेची टिंगल करू नये. एका मुलीला एका सरकारी कार्यालयात घेतले. तिने संगणकावर नोंदी केल्या, आवक-जावक सांभाळली, टपाल वाटले. दोन रिकाम्या पदांचे काम ती एकटी करत होती. ती पदे मंजूर आहेत. भरली असती तर बिंदुनामावली लागली असती, त्यात एखादी जागा अनुसूचित जातीची निघाली असती. ती भरायची गरजच उरली नाही, कारण दहा हजारांत काम होत होते.

मुदत संपल्यावर राज्यभरातले प्रशिक्षणार्थी रस्त्यावर उतरले : आम्हाला कायम करा. याबद्दल आमच्या बैठकीत मोठा वाद झाला आणि तो लपवण्यात अर्थ नाही. काहींचे म्हणणे, हजेरी सहायकांना सामावून घेतले तसे यांनाही घ्या, यात आपलीच मुले आहेत. काहींचे म्हणणे, जाहिरात नाही, परीक्षा नाही, बिंदुनामावली नाही, मागच्या दाराने आलेल्यांना कायम केले तर उद्या प्रत्येक खाते असेच भरेल आणि आरक्षण कागदावर राहील. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये उमादेवी खटल्यात नेमके हेच म्हणून तात्पुरत्या कामगारांचा कायम होण्याचा हक्क नाकारला आहे. आमचे मत असे : कायम करा ही मागणी आम्ही करणार नाही. पण म्हणून त्या मुलांना वाऱ्यावर सोडणारही नाही. मंजूर पदे जाहिरात देऊन, आरक्षणासह, ठरलेल्या मुदतीत भरा. त्या भरतीत या कामाच्या अनुभवाला गुण द्या, वयात सूट द्या. मागासवर्गाची परीक्षा फी बंद करा. आणि शहरातल्या बेकारालाही रोजगार हमीसारखा कायदा द्या, ज्यात काम न दिल्याचा भत्ता सरकारला भरावा लागेल. संविधानाच्या ४१ व्या कलमात कामाचा हक्क मार्गदर्शक तत्त्व म्हणून लिहिला आहे. आर्थिक कुवतीच्या मर्यादेत, असे त्यात म्हटले आहे. १९७९ मध्ये दुष्काळातून उठलेल्या महाराष्ट्राची कुवत आजच्यापेक्षा जास्त होती का?

शेंद्रा-बिडकीनच्या ऑरिककडे बोट दाखवून आम्हाला सांगितले जाते, थोडे थांबा. २०२४ च्या जुलैत टोयोटा किर्लोस्करशी करार झाला : २०,००० कोटींची गुंतवणूक, ८,००० थेट नोकऱ्या. म्हणजे एका नोकरीमागे अडीच कोटी. कारखाना यावा, आमचा विरोध नाही. स्थानिकांना ८० टक्के नोकऱ्या हे राज्याचे धोरण जुने आहे, पण ते धोरण आहे. आणि ‘स्थानिक’ या शब्दात आडनाव मोजले जात नाही.

मागच्या रविवारी ती मुलगी विहारात आली होती. एका नव्या भरतीचा अर्ज मोबाइलवर भरत होती. धर्म बौद्ध, प्रवर्ग अनुसूचित जाती, हे तिने न थांबता भरले. पुढच्या रकान्याशी ती अडली. सध्या किंवा पूर्वी शासकीय सेवेत होता का? अकरा महिने रोज दहाला जाऊन सहाला परतत होती. तिने विचारले, काय लिहू? आम्ही ‘नाही’ लिहायला सांगितले.